आमच्याकडून सेवा घेता, मग आम्हाला शिकवत का नाही?

नर्सिंग प्रवेशाचे नियम ठरवणाऱ्या, ते राबवणाऱ्या आणि त्यासाठी निधी देणाऱ्या दिल्लीतल्या, मंत्रालयातल्या व महापालिकेतल्या सर्व मान्यवरांना खुले पत्र

सविनय नमस्कार.

गेल्या जूनमध्ये मी भांडुप स्टेशनजवळच्या एका सायबर कॅफेत नर्सिंगचा फॉर्म भरायला गेले होते. दहावी-बारावीची मार्कशीट, आधार, डोमिसाइल, उत्पन्नाचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, सगळं एका प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये लावून नेलं होतं. नाव भरून झालं, पत्ता भरून झाला. मग तिथल्या मुलाने विचारलं, "ताई, जन्मसाल?" मी १९८४ सांगितलं. त्याने सालांची यादी खाली ओढली, आणखी खाली ओढली. १९९० ला यादी संपली. त्याने दोनदा पान बंद करून परत उघडून पाहिलं. "ताई, तुमचं साल यात नाहीच आहे," तो म्हणाला. फॉर्म भरायचे शंभर रुपये त्याने घेतले नाहीत.

घरी येऊन मी फोल्डर कपाटात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या ड्युटीला हजर झाले, कारण मी ज्यांची देखभाल करते त्या आजोबांची कूस बदलायला माणूस लागतो. नर्सिंगला पस्तिशीनंतर प्रवेश नाही, म्हणून यादी तिथे संपते. पण ती यादी डोक्यातून जात नाही. म्हणून हे पत्र.

मी एकेचाळीस वर्षांची आहे. घरी रुग्णसेविका पुरवणाऱ्या ब्युरोमार्फत घरोघरी जाऊन आजारी माणसांची देखभाल करते, या कामाला नऊ वर्षं झाली. पेशंटच्या घरचे मला 'सिस्टर' म्हणतात, आमच्या चाळीत 'नर्सबाई' म्हणतात. मी नर्स नाही. हे मी प्रत्येक घरात पहिल्याच दिवशी सांगते. लोक "हो हो" म्हणतात आणि अर्ध्या तासाने इन्सुलिनचं पेन माझ्या हातात देतात.

हे काम काय असतं ते आपल्याला कागदावरून कळणार नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. सध्याच्या घरी, माटुंग्याला, आजोबांना अर्धांगवायू झालेला आहे. हॉस्पिटलमधून घरी आणलं तेव्हा माकडहाडावर जखम होती. लिंबू मावेल एवढा खड्डा, कडा काळ्या, वास येत होता. त्यांच्या सूनबाई खोलीच्या दारातच थांबल्या, त्यांना बघवेना. नाकातून पोटात अन्न द्यायची नळी म्हणजे राइल्स ट्यूब, लघवीची पिशवी, उजवी बाजू पूर्ण निकामी. दर दोन तासांनी कूस बदलायची. डावीकडे वळवलं की पाठीमागे उशी, दोन गुडघ्यांच्या मध्ये पातळ उशी, टाचा गादीला टेकू नयेत म्हणून पोटऱ्यांखाली घडी केलेला टॉवेल. फीड देण्याआधी डोक्याकडची बाजू उंच करायची आणि दिल्यावर अर्धा-पाऊण तास आडवं करायचं नाही, नाहीतर अन्न छातीत जातं. चादरीला एक सुरकुती राहिली तरी कातडीवर वळ उठतो. डायपर ओला राहिला तर आठवड्याची मेहनत एका दुपारी वाया जाते. हे मी वहीत लिहून ठेवते: किती वाजता कोणती कूस, किती मिली फीड, पिशवीत किती लघवी, रंग कसा.

ड्रेसिंगला आठवड्यातून तीनदा एक सिस्टर यायच्या, जीएनएम म्हणजे नर्सिंगचा तीन वर्षांचा डिप्लोमा झालेल्या, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. पाचव्या महिन्यात जखमेवर गुलाबी कातडी धरली तेव्हा त्यांनी वही मागून घेतली, पहिल्या पानापासून वाचली आणि म्हणाल्या, "ताई, मी फक्त पट्टी बदलली, जखम तुम्ही भरलीत. तुम्ही नर्सिंग का करत नाही?"

त्या प्रश्नाचं उत्तर शोधत मी सायबर कॅफेपर्यंत गेले होते.

आता दुसरी बाजूही सांगते, लपवत नाही. मागच्या एका घरी आजींना रोज रात्री चौदा युनिट इन्सुलिन द्यायचं होतं. त्या दिवशी त्या जेवल्याच नाहीत. ग्लुकोमीटरवर ६२ आलं. मुलाला पुण्याला फोन केला, तो मीटिंगमध्ये होता, म्हणाला, "रोज देता तेवढं द्या." माझा हात पुढे होईना. आजींच्या कपाळावर गार घाम होता. मी इन्सुलिन बाजूला ठेवलं, साखरेचं पाणी चमच्याने पाजलं, पंधरा मिनिटांनी परत तपासलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, बरोबर केलं. पण ते बरोबर आहे हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला भीती वाटली म्हणून मी थांबले, एवढंच. दुसरी एखादी बाई घाबरली नसती तर? सत्तरच्या खाली साखर गेली की काय करायचं हे मी त्या रात्रीनंतर मुलीच्या मोबाइलवर वाचलं. या शहरात माझ्यासारख्या बायका रोज रात्री कुणाच्या तरी आईवडिलांच्या उशाशी बसलेल्या असतात. त्यांना शिकवणं ही मेहेरबानी नाही, पेशंटची गरज आहे.

पस्तिशीच्या आत का नाही केलंस, असं मला दोन कार्यालयांतल्या खिडक्यांवर विचारलं गेलं. एका ठिकाणी तर बाई हसल्या. त्यांच्यावर माझा राग नाही, पण प्रश्नाचं उत्तर इथे देते. वडील गिरणी कामगार. १९८२ चा संप झाला आणि ते परत कधी गिरणीत गेले नाहीत. माझा जन्म त्यानंतर दोन वर्षांनी. २००० साली दहावी झाले आणि जुलैत कांजूरच्या एका गाळ्यात पॅकिंगला लागले. विसाव्या वर्षी लग्न, तेविसाव्या वर्षी मुलगी. २०११ ला सासऱ्यांना अर्धांगवायू झाला. चार वर्षं ते अंथरुणावर होते आणि त्यांचं सगळं मी केलं. हे काम मी तिथे शिकले. ते गेल्यावर ब्युरोत नाव घातलं. बारावी राहिली होती, ती सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दिली. २०२३ ला मुलीची दहावी आणि माझी बारावी एकाच वेळी होती, आम्ही दोघी एकाच ट्यूबलाइटखाली अभ्यासाला बसायचो. मला ५८ टक्के मिळाले. जीएनएमला कुठल्याही शाखेची बारावी चालते, इंग्रजी हवं आणि ४० टक्के हवेत. म्हणजे शिक्षणाची अट मी पुरी केली. पण तोवर वय एकोणचाळीस झालं होतं.

माझी कहाणी वेगळी आहे म्हणून सांगत नाही. आमच्या ब्युरोच्या यादीतल्या निम्म्या बायकांची हीच आहे, फक्त सासऱ्यांच्या जागी कुणाची आई, कुणाचा नवरा. वीस ते पस्तीस ही वर्षं बाईची स्वतःची नसतातच. ती मोकळी होते चाळिशीच्या आसपास, आणि आपला दरवाजा बंद होतो पस्तिशीला.

आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार या वयाच्या अटीचीच. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमांप्रमाणे एएनएम (सहायक परिचारिका) आणि जीएनएम दोन्हीला प्रवेशाचं वय १७ ते ३५. त्याच नियमांत पुढे लिहिलं आहे की जी आधीच एएनएम किंवा एलएचव्ही (लेडी हेल्थ व्हिजिटर) आहे तिला जीएनएमला वयाची अट नाही. याचा अर्थ पस्तिशीनंतरची बाई तीन वर्षांचा अभ्यासक्रम शिकू शकते, वॉर्डात उभी राहू शकते, परीक्षा देऊ शकते, हे आपणच मान्य केलं आहे. मग ते एएनएमपुरतंच का? आणि एएनएम व्हायचं तर तिथेही पस्तीसच. म्हणजे सवलतीपर्यंत पोचायची वाटही त्याच वयात बंद होते.

डॉक्टर होण्यासाठीची वयाची वरची मर्यादा २०२२ मध्ये काढून टाकली गेली. आज चाळिशीतला माणूस 'नीट' ही प्रवेश परीक्षा देऊन एमबीबीएसला बसू शकतो, आणि चांगलं आहे, बसावं. त्याच वयाची बाई त्याच हॉस्पिटलात नर्स व्हायला मात्र वयस्कर ठरते. याचं कारण मला कुणी समजावून सांगावं. ब्रिटनमध्ये नर्सिंगच्या शिक्षणाला वयाची वरची मर्यादा नाही, हे आमच्या एका पेशंटच्या लंडनला असलेल्या मुलीने मला सांगितलं. आपल्याकडेही आशा कार्यकर्ती निवडताना साधारण २५ ते ४५ वय धरतात आणि विवाहित, विधवा, परित्यक्ता बाईला आधी घेतात. लाडक्या बहिणीचे दीड हजार रुपये २१ ते ६५ वयापर्यंत मिळतात. मलाही मिळतात आणि त्यांचा उपयोग होतो, मुलीचा पास त्यातून निघतो. मदतीला वय पासष्ट धरता, सेवेला पंचेचाळीस धरता, फक्त शिकायचं म्हटलं की पस्तीस.

२०२० ची आठवण मुद्दाम करून देते. लॉकडाउन होता, लोकल आम्हाला नव्हती. ब्युरोचा फोन आला, पेशंट घरी आहे, कुणी यायला तयार नाही, जाशील का? मी तोंडाला दोन मास्क लावून बेस्टच्या बसने भांडुपहून माटुंग्याला गेले. तीन बस बदलल्या. तेव्हा मी छत्तीस वर्षांची होते. कुणीही वय विचारलं नाही.

दुसरी तक्रार पैशाची. मला बारा तासांचे साडेसातशे मिळतात. पेशंटकडून ब्युरो हजार घेतो. महिन्याला सव्वीस ड्युट्या धरल्या तर १९,५०० होतात. नवरा टेम्पो चालवतो, त्याचं उत्पन्न कधी असतं कधी नसतं. खोलीचं भाडं, रेशन, मुलीची फी, सासूबाईंची बीपीची गोळी, आणि उरलं तर भिशी. चार वर्षांत भिशी आणि पोस्टाची आरडी मिळून मी १ लाख १० हजार जमवले. ते नर्सिंगसाठी जमवले हे नवऱ्यालाही मी दीड वर्षाने सांगितलं.

एका खासगी कॉलेजात चौकशी केली. वर्षाची फी १ लाख २० हजार, वर युनिफॉर्म, पुस्तकं, परीक्षा, गाडी यांचे चाळीसेक हजार. तीन वर्षांचे पावणेपाच लाखांच्या पुढे. पण खरा खर्च हा नाहीच. कोर्स पूर्ण वेळ आहे, क्लिनिकलचा, म्हणजे वॉर्डातल्या कामाचा, एक दिवस बुडला तरी भरून द्यावा लागतो, आणि तो तसाच असायला हवा, त्यात सूट मागत नाही. पण म्हणजे तीन वर्षं माझी ड्युटी बंद. १९,५०० गुणिले ३६ म्हणजे ७ लाख २ हजार. अठरा वर्षांच्या मुलीला घर पोसतं. चाळीस वर्षांची बाई घर पोसत असते. आपल्या शुल्काच्या हिशोबात हा फरक कुठेच धरलेला नाही.

२०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शुल्कमाफी देण्याचा राज्य सरकारचा निर्णय झाला. निर्णय चांगला आहे. माझ्या मुलीला त्याचा फायदा होईल अशी आशा आहे. पण जिला प्रवेशच नाही तिने ही माफी कशावर घ्यायची?

तिसरी तक्रार हॉस्टेलची. सरकारी नर्सिंग शाळेत फी कमी असते म्हणून एका ठिकाणी विचारायला गेले. वयाचा प्रश्न निघण्याआधीच तिथल्या बाबूंनी विचारलं, "लग्न झालंय ना? मग हॉस्टेलला कशा राहणार?" मी म्हटलं, मी रोज सकाळी सातला वॉर्डात हजर राहीन, भांडुपहून येईन. ते म्हणाले, नियम आहे. या मुंबईत पहाटे साडेचारला उठून लोकलने कामावर वेळेत पोचणाऱ्या बायका लाखांनी आहेत. घरून येऊन शिकता येतं, यावर विश्वास ठेवायला काय हरकत आहे?

चौथी तक्रार जास्त गंभीर आहे. आपण दार बंद करता तेव्हा बाहेर दलाल उभे असतात. मला एकाने फोनवर सांगितलं, "वयाचं आम्ही बघून घेऊ, दुसऱ्या राज्यातून करून देतो, वर्षातून दोनदा परीक्षेला जायचं." माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका बाईने साठ हजार भरले. तिला गुळगुळीत कागदावर सोनेरी शिक्क्याचं सर्टिफिकेट मिळालं. महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणीला गेली तेव्हा कळलं की ती संस्था कुठल्याच यादीत नाही. तिने मंगळसूत्र गहाण टाकून ते पैसे उभे केले होते, ते अजून सोडवलेलं नाही. दुसरीकडे गल्लोगल्ली सहा महिन्यांचे 'नर्सिंग कोर्स' चालतात. पांढरा कोट, टोपी, फोटो, सगळं मिळतं, नोंदणी मिळत नाही. नोंदणी फक्त मान्यताप्राप्त अभ्यासक्रमालाच मिळते, आणि हे साधं वाक्य मराठीत, मोठ्या अक्षरात, कुठल्याही स्टेशनवर मी लावलेलं पाहिलं नाही. जाहिराती मात्र प्रत्येक पुलावर आहेत.

आता आपण काय म्हणाल त्याचाही विचार केला आहे.

चाळिशीनंतर शरीर साथ देणार नाही, असं म्हणाल. पंचाहत्तर किलोच्या माणसाला मी दिवसातून सहा वेळा एकटीने कुशीवर वळवते. प्रवेशाच्या वेळी वैद्यकीय तपासणी असते, ती कडक करा. जी नापास होईल ती घरी जाईल.

इतक्या उशिरा शिकवून सरकारला काय मिळणार, असं म्हणाल. उद्या प्रवेश मिळाला तर चव्वेचाळिसाव्या वर्षी मी नर्स होईन. राज्याच्या नोकरीत निवृत्ती अठ्ठावन्नाला, म्हणजे चौदा वर्षं होतात. २०२४ मध्ये राज्याने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. तरुण मुलींनी जावं, चार पैसे मिळवावेत, त्यांचा हक्क आहे. पण मग इथल्या वॉर्डात कोण राहणार? ज्यांचं घर, मुलं, म्हातारी माणसं इथे आहेत त्याच राहतील. माझ्या सासूबाई गेल्या वर्षी एका सरकारी हॉस्पिटलात होत्या. रात्री चाळीस खाटा, खाली गाद्यांवर आणखी पेशंट, आणि दोन सिस्टर. परिषदेचा निकष शिकवण्याच्या हॉस्पिटलात तीन पेशंटमागे एक नर्स आणि इतर हॉस्पिटलात पाचामागे एक असा आहे. त्या दोघींपैकी एकीने पहाटे तीनला मला विचारलं, "तुम्ही या लाइनच्या आहात ना? जरा सात नंबरच्या आजींची कूस बदलाल?" मी बदलली. आठ नंबरच्या आजींचीही बदलली. तेव्हाही कुणी जन्मसाल विचारलं नाही.

नर्स होऊन तरी खासगीत काय मिळणार, असं मला ओळखीचे लोक सांगतात, आणि ते खोटं नाही. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी हॉस्पिटलातही नर्सला किमान २०,००० पगार असावा असं सुचवलं. इतकी वर्षं झाली तरी त्याहून कमी पगारावर काम करणाऱ्या शिकलेल्या सिस्टर मला भेटतात. हा त्यांच्यावरचा अन्याय आहे आणि तोही याच पत्रात लिहिते, कारण मला त्यांच्यात सामील व्हायचं आहे, त्यांची जागा स्वस्तात घ्यायची नाही.

आणि एक. पुण्यात १९०९ साली रमाबाई रानड्यांनी सेवासदन उभं केलं आणि विधवा झालेल्या, घराने टाकलेल्या बायकांना नर्सिंगच्या शिक्षणाकडे वळवलं. त्या काळी चांगल्या घरची बाई परक्या माणसाच्या अंगाला हात लावते म्हणून लोकांनी नावं ठेवली. संसार मोडल्यावर बाई नव्याने शिकू शकते आणि सेवा करू शकते, हे या महाराष्ट्राने शंभर वर्षांपूर्वी करून दाखवलं आहे. मी नवीन काही मागत नाही.

मागण्या अशा:

एएनएम आणि जीएनएम प्रवेशाची पस्तीस वर्षांची मर्यादा काढा. एकदम काढता येत नसेल तर आधी पन्नासपर्यंत न्या. १९४७ च्या परिचर्या परिषदेच्या कायद्याच्या जागी २०२३ मध्ये राष्ट्रीय नर्सिंग व मिडवाइफरी आयोगाचा कायदा संसदेने केला आहे. नियम नव्याने लिहायचेच आहेत, तर ही ओळ त्यात सुधारा.

मुंबईतल्या सरकारी आणि महापालिकेच्या प्रत्येक नर्सिंग शाळेत काही जागा अशा बायकांसाठी ठेवा ज्यांनी किमान पाच वर्षं रुग्णसेवा केली आहे. अनुभव तपासायला परीक्षा घ्या, प्रात्यक्षिक घ्या. या जागांना हॉस्टेलची सक्ती नको.

शिकताना घर चालेल एवढं विद्यावेतन द्या. त्या बदल्यात बाँड घ्या, पाच वर्षांचा घ्या, आम्ही सही करू. आम्हाला कुठे जायचं नाही.

ते जमत नसेल तर थिअरी संध्याकाळी ठेवून हाच कोर्स चार-साडेचार वर्षांत पुरा करायची सोय करा. गिरणगावात दिवसा साच्यावर उभं राहून रात्रशाळेत शिकलेल्या लोकांचं हे शहर आहे. क्लिनिकलचे तास एकानेही कमी करू नका.

सरकारी भरतीत खुल्या गटाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ ही वयोमर्यादा आहे. वर मागितलेल्या राखीव जागांवर शिकून निघालेल्यांना त्यात सूट द्या, नाहीतर एक दार उघडून पुढचं बंद केल्यासारखं होईल.

घरोघरी काम करणाऱ्या आमच्यासारख्यांची नोंद करा. कुणाला इन्सुलिन देता येईल, कुणाला नाही, ट्यूब कोणी घालायची, कोणी नाही, हे ठरवून द्या आणि तेवढं आम्हाला सरकारी हॉस्पिटलात शिकवा. ब्युरोवाल्यांनी पेशंटच्या घरच्यांना ते लेखी सांगावं. मान्यताप्राप्त संस्थांची यादी मराठीत छापून प्रत्येक वॉर्ड ऑफिसात आणि स्टेशनवर लावा, आणि खोटी सर्टिफिकेटं विकणाऱ्यांवर गुन्हे दाखल करा.

पत्राखाली नाव लिहीत नाही. ब्युरोला कळलं तर ड्युटी जाईल, आणि सध्या माझ्या एकटीच्या ड्युटीवर घर चाललं आहे. पण हे पत्र वाचून ज्या बायकांना आपलं वाटेल त्यांनी आपलं नाव, वय आणि किती वर्षं काम केलं ते लिहून मंत्रालयात पाठवावं. पोस्टकार्ड पाठवलं तरी चालेल.

माझा फोल्डर कपाटात आहे. त्यातला उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चपर्यंतच चालतो, बाकी कागद चालतील. यादीत १९८४ साल आलं की कळवा, सेतू केंद्रात जाऊन नवा दाखला काढायला मला एक सुट्टी टाकावी लागते.

आपली नम्र,
एक रुग्णसेविका
भांडुप (पश्चिम), मुंबई